खैरनारचा चेंडू

खैरनारचं पत्र आलं तेव्हा मी डाव्या हाताच्या तळव्यावर स्टीलचा ट्रे आणि ट्रेवर चहाने भरलेला कप घेऊन हॉलमध्ये आडवा आडवा चालत होतो. दार उघडं होतं. पोस्टमन क्षणभर थांबला, पत्र चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि काही न विचारता जिना उतरला.

कोण होतं, असं माझ्या बायकोने, नलिनीने स्वयंपाकघरातून विचारलं. पोस्टमन, म्हणून मी सांगितलं.

"त्याने बघितलं?"

"बघितलं."

"मग उद्यापासून तो आपली पत्रं शेजारी देईल," असं म्हणून तिने कुकर लावला.

पत्र वहीच्या पानावर होतं. अक्षर सुटं, ठळक, फळ्यावर लिहावं तसं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख आणि तारखेखाली वेळसुद्धा: सकाळी ९.४०.

"उपासनी यांस, तो चेंडू माझा होता. तू का घेतलास? माझ्याच्याने झाला नसता असं तुला वाटलं का? हो की नाही एवढंच लिही. तू लिहिशील ते मी खरं धरीन. खैरनार."

सोबत त्याने स्वतःचा सटाण्याचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं कोरं पाकीट घडी घालून ठेवलं होतं. मला शोधाशोध करायला लागू नये म्हणून.

त्या पत्राला मी सात वर्षं उत्तर दिलं नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. या काळात कॉलेजात मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. शांतता राखा ही पाटीसुद्धा मी शिपायाकडून लावून घेतली. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण रस्त्यात ओळखीचे लोक भेटतात, त्यांच्याशी बोलावं लागतं, म्हणून मी ते टाळत होतो. तेवढ्यात गंगापूर रोडच्या बाजूला बोरस्त्यांच्या लॉन्सवर पॅडेलचं कोर्ट झालं.

लॉन्स म्हणजे लग्नाचं. जिथे पंगती बसत होत्या तिथे बोरस्त्यांनी काचेच्या दोन मोठ्या खोल्या उभ्या केल्या. वर छप्पर नाही, मागे काच, बाजूला थोडी काच आणि बाकी जाळी, मध्ये नेट. आत चौघं जण टेनिससारखा खेळ खेळतात, पण रॅकेटला तारा नसतात, भोकं पाडलेली जाड फळी असते. चेंडू जमिनीवर एक टप्पा पडून मागच्या काचेवर आपटला तरी तो खेळता येतो. संध्याकाळी तरुण मंडळींची गर्दी असायची. सकाळी नऊला मात्र कुणी फिरकत नसे, म्हणून बोरस्त्यांनी ती वेळ ज्येष्ठ नागरिकांना दिली. पंच म्हणून जो बसेल त्याला वधूवरांचा लाल मखमली सोफा होता. त्यावर एकट्याने बसलं की माणूस सोडून दिल्यासारखा दिसायचा.

शिकवायला वसईचा आल्विन डिमेलो होता. चाळिशीचा, शांत. पहिल्या आठवड्यातच त्याने माझी जोडी खैरनारशी लावली, कारण आम्हा दोघांनाही दुसरं कुणी घेत नव्हतं. मी चेंडू मारत नाही म्हणून मला, आणि खैरनार प्रत्येक चेंडू मारतो म्हणून त्याला.

दिगंबर खैरनार एस. टी.मध्ये वाहतूक नियंत्रक होता. एकतीस वर्षं स्टँडवर बसून त्याने गाड्या पुकारल्या होत्या आणि निवृत्तीनंतर आवाज कमी करायचं राहून गेलं होतं. ओळख करून दिल्यावर मी त्याला, तुम्ही कुठल्या बाजूने खेळता, असं विचारलं.

"आधी ते 'तुम्ही' बंद कर," तो म्हणाला. "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या म्हणेपर्यंत चेंडू मागे पोचतो. अरे-तुरे कर. मी तुला ग्रंथपाल म्हणीन."

मला ते जमलं नाही. तो मला अरे म्हणायचा, मी त्याला अहो खैरनार म्हणायचो, आणि चेंडू खरंच मागे जायचा.

आमच्यासमोर बहुतेक वेळा ब्रह्मेचा बंधू असत. कापडाचे व्यापारी, दोघेही सत्तरीला टेकलेले. त्यांचा खेळ एकच होता. आम्ही नेटजवळ आलो की ते चेंडू आमच्या डोक्यावरून उंच टाकायचे, दुकानात वरच्या फळीवर तागा टाकावा तसा. असा चेंडू दिसला की खैरनार दोन पावलं मागे सरायचा, हात पाठीपर्यंत न्यायचा आणि सगळ्या ताकदीनिशी खाली आपटायचा. आवाज मोठा व्हायचा. चेंडू टप्पा घेऊन समोरच्या काचेवर आदळायचा आणि काचेवरून कमरेइतक्या उंचीवर कोर्टाच्या मधोमध परत यायचा. थोरले ब्रह्मेचा तिथे उभेच असायचे. पार्सल आल्यासारखा तो घेऊन ते आम्हाला देऊन टाकायचे.

आल्विनने आम्हाला दुसरा फटका दाखवला. स्पेनमध्ये त्याचं जे नाव आहे त्याचा अर्थ म्हणे ट्रे. हॉटेलातला वेटर खांद्याशी ट्रे धरून गर्दीतून जातो तशी रॅकेट वर घ्यायची, अंग आडवं करायचं, दुसऱ्या हाताने चेंडू दाखवायचा, आणि तो कपाळासमोर आला की आपटायचा नाही, नुसता खालून कापत कोपऱ्यात पोचवायचा. तो टप्पा घेऊन काचेला लागतो आणि उसळतच नाही, तिथेच पायाशी मरतो. समोरच्याला वाकून कसाबसा उचलावा लागतो. तेवढ्या वेळात आपण परत नेटजवळ.

याने पॉइंट मिळतो का, असं खैरनारने विचारलं.

"सहसा नाही, काका. आपली जागा सोडावी लागत नाही, एवढंच."

"मग कशाला मारायचा?" खैरनार म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

मला मात्र पहिल्यांदाच असं वाटलं की हा खेळ कुणीतरी माझा विचार करून काढला असावा. मी नातवाकडून त्या फटक्यावरचे इंग्रजी लेख छापून घेतले, त्यांना पंचिंग मशीनने भोकं पाडली, फाइल केली आणि दोन आठवडे वाचले. आल्विन म्हणाला, काका, आता एखादा मारून बघा. मी डावखुरा आहे. शाळेत पट्टीने तो हात मोडून काढला होता, लिहितो मी उजव्यानेच. पण रॅकेट आपोआप डाव्या हातात गेली आणि तिला कुणी हरकत घेतली नाही. घरी मी ट्रेवर कप ठेवून सराव करू लागलो. आधी रिकामा, मग पाण्याचा, मग चहाचा. नलिनीने दोन कप फुटेपर्यंत वाट पाहिली आणि मग मला वेगळा कप नेमून दिला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी खैरनार महिनाभर आला नाही. सटाण्याला भावाकडे गेलोय, असा निरोप होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी योगिनी माझ्याकडे आली. ती एका शाळेत शिकवायची, वडील तिच्याजवळच राहत. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि नलिनीने दिलेलं सरबत हातातच धरून ठेवलं.

ती म्हणाली, बाबा सटाण्याला नव्हते, दवाखान्यात होते. हृदयाचे ठोके मंद पडत होते म्हणून पेसमेकर बसवलाय. डावीकडची शीर मिळाली नाही म्हणून उजव्या बाजूला, खांद्याच्या खाली बसवावा लागला. बाबांनी शपथ घातलीय की कुणालाही सांगायचं नाही. उद्यापासून ते खेळायला येतो म्हणतात. डॉक्टरांनी हलकं खेळायला परवानगी दिलीय, पण उजवा हात डोक्यावर नेऊन झटका द्यायचा नाही. आतली तार जागची हलू शकते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन महिने. काका, ते कुणाचं ऐकत नाहीत. उंच चेंडू आला की त्यांना काही आठवत नाही. तेवढे चेंडू तुम्ही घ्याल का? आणि मी सांगितलं हे त्यांना कळू द्यायचं नाही. कधीच."

मी तिला माझी योग्यता समजावून सांगायचा प्रयत्न केला. आजवर मी कुणाच्या बाजूचं काही घेतलेलं नाही, मला धावता येत नाही, आणि माझा फटका अजून फाइलमध्येच जास्त आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला दुसरं कुणी नाही, काका."

मी तिला शब्द दिला.

पॅडेलमध्ये पद्धत अशी की उंच चेंडू ज्याने घ्यायचा त्याने 'माझा' म्हणून ओरडायचं, म्हणजे जोडीदार बाजूला होतो आणि दोन रॅकेटी एकमेकींवर आपटत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिला उंच चेंडू खैरनारच्या बाजूला आला. मी पळत गेलो आणि 'माझा' म्हणालो. ते कुणालाच ऐकू आलं नाही. खैरनारचा हात वर गेलाच होता, मी मध्ये आलो म्हणून थांबला. माझा फटका नेटमध्ये गेला.

"काय भो ग्रंथपाल," तो म्हणाला, "वाट चुकलास?"

दुसऱ्या वेळी मी जरा मोठ्याने म्हणालो. दिवाळीपर्यंत माझा आवाज बाजूच्या कोर्टावर पोचायला लागला. मधले चेंडू तर मी घेतच होतो, कारण तो उजवा, मी डावा, मधला चेंडू दोघांच्याही सोयीचा असतो. पण मी त्याच्या पार डाव्या जाळीपर्यंत जाऊन घ्यायला लागलो. धावताना दम लागायचा, चष्मा घसरायचा. पण एकदा अंग आडवं झालं, उजवा हात चेंडूकडे गेला आणि रॅकेट वर थांबली, की आजूबाजूला सगळं फार सावकाश व्हायचं. चेंडू कोपऱ्यात जाऊन काचेखाली बसायचा. धाकटे ब्रह्मेचा गुडघ्यावर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे.

खैरनारने आधी ते गमतीत घेतलं. पूर्वी हा माणूस शिंकायलासुद्धा परवानगी मागायचा, असं तो सगळ्यांना सांगायचा. मग एकदा त्याने सरळच विचारलं की माझ्या खेळात काही खोट दिसते का. मी नाही म्हणालो. माझ्या डोळ्यात दोष आहे असं वाटतं का. नाही म्हणालो. मग त्याने विचारायचं सोडलं. त्याच्या पुकारण्याचा आवाज कमी झाला, आणि उंच चेंडू आला की तो नुसता बाजूला व्हायचा, गाडीला वाट द्यावी तसा. तो गळाबंद टी-शर्ट घालायचा. खांद्याखालचा तो उंचवटा मला दिसायचा, आणि मला दिसतो हे त्याला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी बोरस्त्यांनी ज्येष्ठ नागरिक चषक ठेवला. आठ जोड्या होत्या, त्यातल्या तीन आल्याच नाहीत, त्यामुळे आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर ब्रह्मेचा बंधू. बोरस्ते स्वतः फेटा बांधून सोफ्यावर बसले होते. चाळीसेक लोक जाळीला चिकटून उभे होते. नलिनी आली होती. योगिनीला शाळेचं स्नेहसंमेलन होतं.

सामना बरोबरीत गेला. शेवटच्या गेममध्ये चाळीस-चाळीस झाले, आणि बोरस्त्यांच्या नियमाप्रमाणे पुढचा एकच पॉइंट निकाल लावणार होता. खैरनारने सर्व्हिस केली आणि नेटजवळ आला. मी होतोच. थोरल्या ब्रह्मेचांनी चेंडू उचलला आणि वर टाकला.

तो फार सुंदर चेंडू होता. उंच, सावकाश, आणि बरोबर खैरनारच्या डोक्यावर. मध्ये नाही, माझ्या बाजूला नाही. खैरनारने एक पाऊल मागे घेतलं. अंग आडवं केलं. त्याने डावा हात चेंडूकडे नेला आणि रॅकेट खांद्याशी धरली. तो आपटणार नव्हता. इतके महिने माझ्याकडे बघून तो तो फटका शिकला होता आणि पहिल्यांदाच मारणार होता.

"माझा!" मी ओरडलो.

लोक म्हणतात की तो आवाज रस्त्यापर्यंत गेला. खैरनार दचकून बाजूला झाला. मी त्याच्या जागेवर उभं राहून फटका मारला. आयुष्यात मी त्याहून चांगला फटका मारलेला नाही. चेंडू कोपऱ्यात पडला, काचेला लागला आणि तिथेच संपला. धाकटे ब्रह्मेचा वाकले सुद्धा नाहीत.

टाळ्या झाल्या. बोरस्ते सोफ्यावरून उठले. खैरनार माझ्याजवळ आला. आवाज त्याने अगदी खाली आणला होता. तितका खालचा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"उपासनी, चेंडू कुणाचा होता?"

मी चष्मा पुसत राहिलो.

त्याने रॅकेट लाल सोफ्यावर ठेवली आणि तो फाटकातून बाहेर गेला. चषक मी एकट्याने घेतला. त्यात मी पेन्सिली ठेवतो.

तो सटाण्याला भावाकडे राहायला गेला आणि महिन्याभराने तिथून ते पत्र आलं. जूनमध्ये योगिनीची बदली सटाण्याच्या बाजूला झाली आणि नाशिकचं घर त्यांनी सोडलं. मी उत्तराचे मसुदे केले. एकूण अकरा. सगळे फाइलमध्ये लावले. नलिनीला मी सांगितलं की दिलेला शब्द मोडता येत नाही, म्हणून लिहिता येत नाही. तिला ते पटलं. मलाही बरेच दिवस पटत होतं.

मागच्या बुधवारी योगिनी आली. केसांत पांढरी बट, हातात डाळिंबांची पेटी. बाबांनीच पाठवलीत, भावाच्या बागेतली, असं म्हणाली. पेसमेकरची बॅटरी संपत आली म्हणून महिन्यापूर्वी तो बदलावा लागला. आत न्यायच्या आधी बाबा घाबरले होते, बडबडत होते, आणि बोलता बोलता त्या चेंडूची गोष्ट निघाली. इतक्या वर्षांत त्यांनी घरी त्याबद्दल शब्द काढला नव्हता. मग तिने सगळं सांगून टाकलं. की मी काकांकडे गेले होते, मीच त्यांना गप्प राहायला लावलं होतं.

"बाबांनी मला ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं," ती म्हणाली. "मग म्हणाले, त्या माणसाने माझा जीव सांभाळला, माझा राग सोसला, एक शब्द बोलला नाही. आणि मी त्याला कोर्टावर एकटा सोडून आलो. काका, ते तुम्हाला देवमाणूस म्हणतात. पुढच्या महिन्यात प्रवासाची परवानगी मिळाली की पाया पडायला येणार आहेत."

नलिनीने डोळ्यांना पदर लावला. योगिनी माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले, तर तिला तो माझा भिडस्तपणा वाटला.

ती गेल्यावर नलिनीने एक डाळिंब सोलून दाणे वाटीत घालून दिले. फार गोड होते. मी दोन दिवस डाळिंबं खात होतो आणि झोपत नव्हतो.

योगिनीला एक गोष्ट आठवत नव्हती. त्या वर्षी संक्रांतीला तिने मला फोन केला होता. तिळगूळ घ्या म्हणाली, आणि म्हणाली की तीन महिने पुरे झाले, आज तपासणी झाली, तार पक्की बसली आहे, डॉक्टर म्हणाले आता हवं तसं खेळू द्या. काका, तुम्ही सुटलात. आता घेऊ दे त्यांना त्यांचे चेंडू. मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रह्मेचांनी पहिला चेंडू उंच टाकला, आणि मी माझा म्हणालो.

संक्रांतीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत जवळजवळ तीन आठवडे होतात. त्यातला एकही चेंडू मी खैरनारला दिला नाही. चौतीस वर्षं मी कुणापुढे माझं म्हणून काही मागितलं नव्हतं. विभागप्रमुखाची जागासुद्धा अर्ज करायला उशीर झाला म्हणून गेली होती. आणि इथे मी एक शब्द म्हणालो की तिघं माणसं जागच्या जागी थांबत होती. मला ते सोडवलं नाही. एवढंच कारण होतं.

हे जगात फक्त मला माहीत होतं. मी गप्प राहिलो असतो तर खैरनार पुढच्या महिन्यात आला असता, जिना चढला असता आणि माझ्या पाया पडला असता.

शनिवारी सकाळी मी फाइल उघडली. अकरा मसुदे बाजूला ठेवले आणि त्याने पाठवलेलं पाकीट बाहेर काढलं. मी लिहिलं:

"खैरनार, तो चेंडू तुझा होता. तुझ्याच्याने झाला असता, तू फटका बरोबर धरला होतास. योगिनीला दिलेला शब्द संक्रांतीला संपला. तिने फोन करून मला तसं सांगितलं होतं, तिला आठवत नसेल. त्यानंतरचे सगळे चेंडू मी केवळ हौसेने घेतले. माझ्या पाया पडू नकोस. डाळिंबं पाच खाल्ली आहेत, सात उरली आहेत, ती परत पाठवायची असतील तर कळव. उपासनी."

वर तारीख घातली. थोडा विचार करून वेळही घातली, १०.१५.

नलिनीला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं. "म्हणजे शब्दाबिब्दाचं काही नव्हतं," ती म्हणाली. मी म्हणालो, तीन महिने होतं. ती आत गेली आणि वाटीत शिळा भात घेऊन आली. पाकिटाचा डिंक सात वर्षांत वाळून गेला होता. भाताने ते चिकटलं.

पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी, स्पीड पोस्टने पाठवायचं का, असं विचारलं. मी साधंच म्हणालो. त्यांनी पत्ता वाचला, पाकीट उलटून पाहिलं आणि पाठवणाऱ्याचं नाव कुठे आहे, असं विचारलं. मी पाकिटाच्या मागच्या बाजूला माझं नाव आणि पत्ता लिहिला. मग बाहेर येऊन लाल पेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवलं आणि धरून उभा राहिलो. मागे एक गृहस्थ हातात पत्र घेऊन थांबले होते. त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं झालं का?"

"झालं," मी म्हणालो आणि हात सोडला.